शोधनिबंध दिसतो, पण उघडत नाही : ग्रंथालयातून लेख मिळवायचे मार्ग सांगा

बालाघाट
१२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी अनुदानित महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून पीएचडी चालू आहे. विषय : ऊसतोड कामगार स्त्रियांचं आरोग्य. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली दिवाळीनंतर दिसेनाशा होतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की धाकट्या भावंडांकडे यांनीच बघायचं असतं. त्यामुळे हा विषय मी निवडला असं म्हणण्यापेक्षा तो रोज समोर बसलेला होता, असं म्हणेन.

दिवाळीत मार्गदर्शक सरांनी ३१ लेखांची यादी हातात दिली. आजवर ११ मिळाले. उरलेल्यांचा गोषवारा दिसतो आणि खाली किंमत : कुठे ३५ डॉलर, कुठे त्याहून जास्त. एका लेखाला तीन हजार रुपये म्हटल्यावर वीस लेखांचा हिशोब मी मांडलाच नाही. आमच्या ग्रंथालयात विचारलं तर "आपल्याकडे ते नाही" एवढंच उत्तर आलं, आणि पुढे काय विचारायचं ते मला सुचलं नाही.

२०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा प्रत्येक बातमीत येतो. पण सर म्हणतात, आकडा बातमीतून उचलू नकोस. त्याच्या मागचं आणि पुढचं संशोधन वाच. ते वाचायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न आहे. कुठलं साधन कशासाठी वापरायचं, सुरुवात कुठून करायची, हे कुणी समजावून सांगेल का?

सह्यकडा
१२ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, आत्ता झोपण्यापूर्वी दोन गोष्टी करून बघा.

एक, गूगल स्कॉलरमध्ये लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. निकालाखाली 'ऑल व्हर्जन्स' असं बारीक अक्षरात असतं, ते उघडा. प्रकाशकाच्या पानावर पैसे मागणारा लेख बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठाच्या साठ्यात फुकट असतो. मुद्रणापूर्वीचा, पण समीक्षकांनी तपासलेला मसुदा तिथे ठेवायची परवानगी अनेक प्रकाशक देतात.

दोन, ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे एक्स्टेंशन (जोडसाधन) जोडा. लेखाचं पान उघडलं की उजव्या कडेला कुलूप दिसतं. हिरवं झालं तर लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी आहे; त्यावर टिचकी मारली की थेट पोचता. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधातले बरेचसे संदर्भ मी याच वाटेने मिळवले.

ग्रंथसखी
१३ जानेवारी, सकाळी ७:०५

बालाघाट, मी सातारा जिल्ह्यात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, २२ वर्षं. तुमचं "पुढे काय विचारायचं ते सुचलं नाही" हे वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण ते सुचवणं हे आमचं काम आहे. जरा सविस्तर लिहिते.

लेख शोधणं आणि लेख हातात येणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची साधनंही वेगळी. गूगल स्कॉलर, पबमेड, स्कोपस ही शोधायची साधनं. लेख आहे, कुणाचा आहे, कुठे छापला, हे ती सांगतात. तो उघडायचा अधिकार मात्र तुमच्या संस्थेने भरलेल्या वर्गणीतून येतो. तुमचे २० लेख 'सापडलेले' आहेत. आता अधिकार कुठून मिळतो ते बघू.

इथे तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. तुम्ही महाविद्यालयाच्या प्राध्यापक आहात, तशाच विद्यापीठाच्या नोंदणीकृत संशोधक विद्यार्थिनीही आहात. दोन्हीकडचे हक्क तुमचे आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत.

विद्यापीठाकडचा हक्क आधी घ्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची मिळून सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ती केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज हे सगळे त्यात आहेत. ३५ डॉलर मागणारी तुमची बहुतेक पानं यांचीच असणार. आधी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या कुवतीप्रमाणे वर्गणी भरायचं. श्रीमंत संस्थेला सगळं आणि लहान विद्यापीठाला चार नियतकालिकं अशी गत होती. मला विचाराल तर इतक्या वर्षांत आमच्या क्षेत्रात झालेलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

तुमचं महाविद्यालय खासगी संस्थेचं, म्हणून ते या यादीत नसेल. पण तुमचं विद्यापीठ राज्य सरकारचं आहे. तेव्हा पीएचडी नोंदणीचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि नेमकं असं विचारा : "मी नोंदणीकृत संशोधक आहे, मला घरून वापरण्यासाठी इन्फेडचं खातं हवं आहे." इन्फेड म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची व्यवस्था. तिच्यामुळे विद्यापीठाच्या आवारात नसतानाही प्रकाशकाला पटतं की तुम्ही त्या संस्थेच्या आहात. खातं झालं की लेखाच्या पानावर 'संस्थेमार्फत लॉगिन' अशा अर्थाचा दुवा असतो, तिथे विद्यापीठाचं नाव निवडायचं. (हे इन्फ्लिबनेट १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली प्रकल्प म्हणून सुरू झालं होतं. आपल्याकडे फार जणांना हे माहीत नसतं, म्हणून सांगितलं.)

महाविद्यालयाकडचा हक्क म्हणजे एन-लिस्ट. २०१० पासून चालू आहे, महाविद्यालयांसाठीच. महाविद्यालयाने वार्षिक सभासदत्व घेतलं की हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं मिळतात. महाविद्यालय सभासद असलं तरी प्रत्येक प्राध्यापकाचं खातं वेगळं तयार करावं लागतं, आणि ते कुणी मागितलंच नाही तर होत नाही. आज जाऊन विचारा : "एन-लिस्टचं यंदाचं नूतनीकरण झालंय का, आणि माझं खातं कोण तयार करतं?" नूतनीकरण राहिलं असेल तर प्राचार्यांना अर्ज द्या, दोन-तीन सहकाऱ्यांच्या सह्या घ्या. मागणी कागदावर आली की ग्रंथपालालाही पुढे बोलायला बळ येतं.

कडुनिंब
१३ जानेवारी, दुपारी १:३०

मी सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातला डॉक्टर आहे. तुमचा विषय निम्मा माझ्या अंगणातला, त्यामुळे फक्त पबमेडबद्दल लिहितो.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सूची, १९९६ साली सुरू झालेली आणि सगळ्यांसाठी मोफत. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. समाजशास्त्रातली माणसं इकडे फिरकत नाहीत, आणि त्यांचं नुकसान होतं. ऊसतोड असा शब्द टाकून फारसं मिळणार नाही. वैद्यकातले लेख त्या नावाने लिहिलेले नसतात. पबमेडमध्ये बहुतेक लेखांना ठरलेल्या विषयसंज्ञा लावलेल्या असतात, त्यांना 'मेश' म्हणतात. 'हिस्टरेक्टमी' ही तशी संज्ञा आहे. तिला 'अँड' लावून 'इंडिया' जोडा, मग कंसात स्थलांतरित किंवा शेतमजूर यांचे इंग्रजी प्रतिशब्द 'ऑर'ने जोडून टाका. 'अँड' लावलं की निकाल आकसतात, 'ऑर' लावलं की पसरतात. शोध पसरवून बघायचा आणि मग चाळण लावायची. डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट' ही चाळण आहे, पण ती अगदी शेवटी लावा. आधीच लावली तर जे फुकट नाही ते अस्तित्वातच नाही असं वाटायला लागतं, आणि मग तेवढ्यावरच प्रबंध उभा राहतो.

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशांतून झालेल्या संशोधनाचे लेख १ जुलै २०२५ पासून प्रकाशित होताच मोफत ठेवावे लागतात; आधी बारा महिने थांबायची मुभा होती. ते पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण वाचायला मिळतात. आपल्याकडचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च, तसंच मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, हेही सगळ्यांना खुले आहेत.

आणि एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, गर्भाशय काढण्याबद्दल पहिल्यांदाच देशभर प्रश्न विचारला गेला. ही पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. अहवाल मोफत मिळतो. बीडचा आकडा महाराष्ट्राच्या आणि देशाच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर तो वाचावाच लागेल.

पाटपाणी
१३ जानेवारी, सायं. ६:१०

इतका खटाटोप कशाला? साय-हब या संकेतस्थळावर लेखाचा डीओआय (ओळखक्रमांक) टाकायचा, दोन मिनिटांत पीडीएफ. आम्ही सगळे तेच करत आलो. ज्ञान कोंडून ठेवणाऱ्यांना पैसे द्यायचेच कशासाठी, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. लेख लिहिणारा प्राध्यापक फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, आणि वाचणाऱ्याने मात्र ३५ डॉलर मोजायचे?

ग्रंथसखी
१३ जानेवारी, रात्री ९:२०

पाटपाणी, तुमच्या रागाचं कारण मला शंभर टक्के मान्य आहे. प्रकाशकांची वाढती बिलं मी बावीस वर्षं बघितली आहेत. पण मार्ग म्हणून मी तो सुचवणार नाही. २०२० च्या डिसेंबरात तीन मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात साय-हबवर कॉपीराइटभंगाचा दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साय-हब भारतात बंद करण्याचा आदेश दिला. आता त्याच्या नावाने नकली संकेतस्थळं फिरतात, त्यावरून उतरवलेल्या फायलींबरोबर काय येतं त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्रंथालयातून उघडलेल्या प्रत्येक लेखाची नोंद होते. पुढच्या वर्षी कुठलं नियतकालिक ठेवायचं हे त्या नोंदींवरून ठरतं. सरकारने ६,००० कोटी मोजलेत ते आपल्यासाठी. तालुक्याच्या गावातून कुणी वापरतच नाही असं कागदावर दिसलं, तर उद्या खासगी अनुदानित महाविद्यालयांना यात घ्या अशी मागणी आम्ही कशाच्या आधारावर करायची?

खातं मिळाल्यावरची एक सूचनाही इथेच देते. एका बैठकीत शेकडो लेख उतरवू नका. एका महाविद्यालयात एका विद्यार्थ्याने रात्रभर सॉफ्टवेअर लावून अख्खं नियतकालिक उतरवलं, आणि प्रकाशकाने त्या संपूर्ण आवाराचा प्रवेश बंद केला. परीक्षेचे दिवस होते. तो पुन्हा सुरू व्हायला आठवडा गेला आणि तोवर प्रत्येक जण ग्रंथपालांच्या टेबलापाशी येऊन भांडून जात होता.

जुनं_दप्तर
१४ जानेवारी, सकाळी ८:५०

संक्रांतीच्या शुभेच्छा सर्वांना. मी कुठल्याच संस्थेत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर सहकारी चळवळीच्या इतिहासावर काम करतो. त्यामुळे मला ना विद्यापीठाचं खातं, ना एन-लिस्ट. तरी दहा वर्षं वाचतो आहे, ते कसं ते सांगतो.

बालाघाट ताई, तुमच्या यादीत समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचा गुजरातेतल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा लेख असणारच. हा लेख १९७८ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला आणि त्याच सुमारास जर्नल ऑफ पेझंट स्टडीजमध्येही. तुम्हाला पैसे मागणारं पान बहुधा दुसऱ्याचं दिसलं असेल. विद्यापीठाचं खातं मिळालं तरी ते उघडेलच असं नाही, कारण वर्गणीत बहुधा अलीकडची वर्षं असतात आणि जुना संग्रह प्रकाशक वेगळा विकतात. पण वीकलीचे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. जेस्टोरवर कुणीही आपल्या ईमेलने वैयक्तिक खातं काढू शकतं आणि ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर मोफत वाचू शकतं. पीडीएफ उतरवता येत नाही, म्हणून मी शेजारी वही घेऊन बसतो. हाताने टिपून घेतलेलं जास्त लक्षात राहतं, हा माझा अनुभव.

जुने अहवाल, मुंबई इलाख्याचे कागद, सहकाराच्या चौकशी समित्या यांसाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा डिजिटल साठा बघा. हजारो दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल त्यांनी स्कॅन करून खुले ठेवले आहेत. संस्था १९३० ची. तिथल्या ग्रंथालयाला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे, आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहताना हेच गाडगीळ विखे पाटलांच्या बरोबर होते. ऊसतोडीवर काम करणाऱ्या माणसाने त्या ग्रंथालयात एकदा तरी बसावं असं मला मनापासून वाटतं. मी तिथे गेलो की दुपार कशी सरते कळत नाही.

बाहेरच्या अभ्यासकाला बहुतेक मोठी ग्रंथालयं पत्र आणि ओळखपत्रावर आत बसून वाचू देतात. काही थोडं शुल्क घेतात. तुमच्याकडे तर प्राचार्यांचं पत्र मिळू शकतं.

मेपल
१४ जानेवारी, रात्री ११:५५

टोरांटोहून लिहिते आहे. इथे मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे गाळपाच्या हंगामात बैलगाड्यांच्या रांगा बघतच वाढले. तुमचा विषय वाचून इथे बसून काही मदत करता येईल का, असं वाटलं.

आमच्याकडे लेख आपल्या संग्रहात नसला की विद्यार्थी आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरतो. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रंथालयातून स्कॅन येतो, पुष्कळदा दोन-चार दिवसांत. माझ्या मुंबईतल्या मैत्रिणींना वाटतं की ही फक्त परदेशातली चैन आहे. तसं अजिबात नाही. डेलनेट हे दिल्लीचं ग्रंथालयांचं जाळं १९८८ पासून हेच काम करतं आहे. तुमचं किंवा तुमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय त्याचं सभासद असेल तर ग्रंथपालांमार्फत लेखाची प्रत मागवता येते. पण हे मागावं लागतं. इथेसुद्धा ज्यांना माहीत नसतं ते मागत नाहीत.

गूगल स्कॉलरची एक सेटिंग फार कमी लोक वापरतात. सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स' आहे. तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव शोधून टिचकी मारायची. विद्यापीठाने नाव नोंदवलेलं असेल तर पुढच्या प्रत्येक शोधात, जो लेख तुमच्या वर्गणीत आहे त्याच्या शेजारी ग्रंथालयाचा दुवा दिसतो. पाच ग्रंथालयांपर्यंत निवडता येतात.

आणि लेखकाला ईमेल लिहा. तीन ओळी पुरतात : मी कोण, कशावर काम करते, तुमचा अमुक लेख माझ्या संस्थेत मिळत नाही, प्रत पाठवाल का. आपल्याकडे वाटतं, एवढी मोठी माणसं, त्यांना कसं त्रास द्यायचं. माझ्या ओळखीच्या प्राध्यापकांना अशी पत्रं आली की त्या दिवशी ते खुशीत असतात. आपला लेख मराठवाड्यात कुणीतरी वाचतं आहे याचं अप्रूप त्यांना असतंच.

बालाघाट
१७ जानेवारी, रात्री १०:१५

काय लिहू कळत नाही. चार दिवसांत इतकं मिळालं की आधी दोन महिने कुठे भटकत होते असं झालं.

आमच्या ग्रंथपाल सरांना ग्रंथसखी ताईंनी सांगितलेला प्रश्न शब्दशः विचारला. एन-लिस्टचं नूतनीकरण झालेलं होतं! दोन वर्षांत कुणी खातंच मागितलं नव्हतं. सरांनी लगेच करून दिलं आणि स्वतः शेजारी बसून पहिला लेख उघडून दाखवला. आता आमच्या विभागातल्या सगळ्यांसाठी ते एक तासाचं सत्र घेणार आहेत.

अनपेवॉलने चार लेख दिले. जेस्टोरवर ब्रेमन वाचायला घेतला. खानदेशातल्या मजुरांचं वर्णन वाचताना मध्येच थांबले, कारण उचल, मुकादम, कोयता हे सगळं १९७८ च्या गुजरातेतलं आणि आजचं माझ्या गावातलं जवळजवळ सारखं आहे. दोन लेखकांना पत्रं लिहिली. एकीचं उत्तर सहा तासांत आलं, लेखासोबत तिने आपली प्रश्नावलीही पाठवली. मी ती प्रश्नावली मागितलीच नव्हती.

आता २० पैकी ८ उरलेत. पण एक अडचण मोठी आहे. एका विद्यार्थ्याने चॅटबॉटला विचारून मला १५ संदर्भांची सुंदर यादी आणून दिली. शीर्षकं अगदी माझ्या विषयाची. त्यातले कित्येक कुठेच सापडत नाहीत. मी शोधायला चुकते आहे का? शिवाय शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, मराठी प्रबंध आहेत असं ऐकते, पण 'ऊसतोड' टाकून फार थोडे येतात.

ग्रंथसखी
१८ जानेवारी, सकाळी ६:४५

वा! तुमच्या ग्रंथपाल सरांना माझा नमस्कार सांगा. ते सत्र होऊ दे, नक्की.

त्या यादीबद्दल आधी. तुम्ही चुकत नाही आहात. ते लेख बहुधा लिहिलेच गेलेले नाहीत. चॅटबॉट खऱ्यासारखं दिसणारं शीर्षक, खरं वाटणारा लेखक आणि खऱ्या नियतकालिकाचं नाव एकत्र जुळवून देतात. तपासायची सोपी रीत अशी : प्रत्येक संदर्भाचा डीओआय घ्या. 'दहा' आणि टिंबाने सुरू होणारा तो क्रमांक लेखाचा कायमचा पत्ता असतो; प्रकाशक बदलला, संकेतस्थळ बदललं तरी तोच राहतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. उघडला नाही, किंवा भलत्याच लेखावर गेला, तर संदर्भ रद्द. डीओआयच दिलेला नसेल तर डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या शोधात शीर्षक टाका. जुन्या भारतीय नियतकालिकांना पुष्कळदा डीओआय नसतो, तेव्हा तिथे त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका बघावी लागते.

लेख खरा असला तरी नियतकालिक खरं आहे का, हेही बघा. २०१८ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, विद्यापीठांनी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीसाठी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्के निकृष्ट निघाली. तो लेख करंट सायन्समध्ये आहे, मोफत आहे. पुढे यूजीसी-केअर यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं जाहीर झालं. आता पारख आपल्यालाच करायची आहे : संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, ती आपल्या संस्थेच्या पानावर दिसतात का, आठवड्याभरात छापून देतो असं कुणी सांगत नाही ना.

आता शोधगंगा. हा माझा जिव्हाळ्याचा विषय. यूजीसीच्या २००९ च्या नियमानंतर पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागू लागली. आज पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथे आहेत, कुठल्याही खात्याशिवाय वाचता येतात. त्यात मराठीतले पुष्कळ आहेत, पण ते दडलेले आहेत. दोन कारणं. पहिलं, शीर्षक भरताना कुणी देवनागरीत भरलं, कुणी रोमन लिपीत. रोमनमध्ये 'ऊस' हा शब्द कुणी यू लिहून केला, कुणी दोन ओ. तुम्ही या सगळ्या प्रकारे शोधा, शिवाय 'शुगरकेन', 'मायग्रंट' असे इंग्रजी शब्द घेऊन आणि मराठवाड्यातल्या, सोलापूरच्या, कोल्हापूरच्या विद्यापीठांची पानं उघडून विभागवार याद्या चाळा. हो, एकेक करून. त्याला दुसरा उपाय नाही.

दुसरं कारण फॉन्ट. युनिकोड रुळायच्या आधीचे, आणि नंतरचेही बरेच, मराठी प्रबंध श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेत. पडद्यावर मराठी नीट दिसतं, पण आतला मजकूर संगणकाच्या दृष्टीने निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात. म्हणून ना शोधयंत्राला ते सापडतं, ना कंट्रोल-एफ चालतं. आपल्या माणसांनी गावोगाव फिरून, मजुरांच्या कोपीवर (झोपडीवर) बसून गोळा केलेलं काम तिथे आहे. मला याचं फार वाईट वाटतं. परदेशी अभ्यासकाला ते सापडत नाही, आणि मग "या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही" असं वाक्य पुढच्या लेखात छापून येतं.

माझी युक्ती सांगते. शोधगंगेवर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते. प्रबंध मिळाला की आधी शेवटची, संदर्भसूचीची फाइल उघडा. एका मराठी प्रबंधाच्या सूचीत तुम्हाला दुसऱ्या पाच प्रबंधांची नावं, जिल्ह्यातल्या सर्वेक्षणांची नावं, साप्ताहिकांतले लेख मिळतील. ही माहिती पबमेड, स्कोपससारख्या कुठल्याच शोधसाधनात नाही. ती डोळ्यांनी वाचून वहीत उतरवावी लागते.

कडुनिंब
१८ जानेवारी, दुपारी २:००

ग्रंथसखी, फॉन्टचं हे मला आज कळलं. आमच्याकडे जनऔषध वैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागांत मराठीतून लिहिलेले क्षेत्रअहवाल असेच पडून आहेत.

बालाघाट, मिळालेले लेख झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायला आत्तापासून सुरुवात करा. मोफत आहे, २००६ पासून आहे. लेखाच्या पानावर असताना एक बटण दाबलं की नाव, वर्ष, डीओआय सगळं जमा होतं. मराठी संदर्भ हाताने भरा, आणि भरताना शीर्षक युनिकोड देवनागरीतच ठेवा. तुम्ही वहीत उतरवलेली ती माहिती निदान तुमच्या यादीत तरी शोधता येईल अशी राहील.

मेपल
१९ जानेवारी, पहाटे ५:३०

मला एक सुचतंय. बालाघाटने ती यादी झोटेरोत केली तर झोटेरोचा सार्वजनिक गट करता येतो, म्हणजे कुणालाही ती बघता येईल. ऊसतोडीवरचं मराठीतलं संशोधन, फक्त नोंदी, एका जागी. रोमन आणि इंग्रजी शीर्षकं शेजारी भरायचं काम मी इथून करीन. शनिवारी मला चार तास मोकळे असतात.

जुनं_दप्तर
१९ जानेवारी, सकाळी ९:१०

मीही आहे. माझ्याकडे सहकारावरच्या मराठी पुस्तिकांच्या आणि संमेलन-स्मरणिकांच्या दीडशेएक नोंदी वहीत आहेत, त्यातल्या ऊसतोडीच्या काढून देतो. टंकलेखन येतं, झोटेरो कुणीतरी शिकवा.

बालाघाट
२३ जानेवारी, रात्री ९:४५

विद्यापीठात जाऊन आले. नोंदणीचं पत्र दाखवलं, अर्ज भरला, इन्फेडचं खातं काल सुरू झालं. घरच्या ओट्यावर बसून पाच लेख उघडले. उरले तीन. त्यातला एक जेस्टोरवर मिळाला. दुसरा एका संपादित पुस्तकातलं प्रकरण निघालं, आमचे ग्रंथपाल सर विद्यापीठामार्फत डेलनेटकडे मागणी करत आहेत. तिसरा १९८० च्या दशकातल्या एका परिषदेतला निबंध आहे, तो कुठेच नाही.

मेपल ताई, गट तयार केलाय. आजवर १९ नोंदी. शोधगंगेवर तीन मराठी प्रबंध सापडले, एकाचंही शीर्षक 'ऊसतोड'ने सुरू होत नव्हतं. संदर्भसूची वाचायला दोन रात्री लागल्या.

जुनं_दप्तर काका, प्राचार्यांचं पत्र मिळालं आहे. पुढच्या सोमवारी पुण्याला येते आहे, गोखले संस्थेत तो परिषदेतला निबंध बघायचा आहे. तुम्ही त्या दिवशी तिथे असाल का?

जुनं_दप्तर
२३ जानेवारी, रात्री १०:२०

असेन. निघण्यापूर्वी ग्रंथालयात फोन करून वेळ आणि बाहेरच्या वाचकांचे नियम विचारून घ्या, पत्राच्या दोन प्रती आणि ओळखपत्र ठेवा. निबंधाचं शीर्षक, लेखक, परिषदेचं वर्ष मला आजच कळवा. उद्या मी तिथेच आहे, सूचीत आधी शोधून ठेवतो. आणि लॅपटॉप आणा, झोटेरो शिकायचं आहे.